विश्वासाचा ताळा



हीरक महोत्सवाच्या मंगल प्रसंगी पैशांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु गणित सुटल्यावर ताळा करून पाहावा, हे आपल्याला याच शाळेने शिकवले. तोच ताळा घरच्या ठेवींनाही लावावा, एवढेच मला सांगायचे आहे. त्यासाठी माझ्या सध्याच्या वस्तीकडे, चेन्नईतील तिरुवल्लिकेणीकडे, आपले लक्ष वेधतो.

पार्थसारथी मंदिराभोवतीच्या या मध्यमवर्गीय भागात १९०४ साली रहिवाशांनी सहकारी ग्राहक संस्था उभारली. ग्राहक हेच मालक, त्यामुळे हिशेबावर नजरही त्यांचीच. दोनच वर्षांनी, २२ ऑक्टोबर १९०६ रोजी, त्याच मद्रास शहरातील अर्बथनॉट ही नामांकित पेढी कोसळली. तिची प्रतिष्ठा एवढी मोठी होती की तिची तपासणी करावी, असे कोणाला सुचलेच नाही. पुढे तिच्या प्रमुखाला तुरुंगवास झाला; पण शिक्षेने ठेवीदाराची पुंजी परत येत नाही. म्हणूनच देखरेख बुडण्याआधी हवी.

ही देखरेख आज रिझर्व्ह बँक करते. बँकेला परवाना देणे, पुरेसे भांडवल राखायला लावणे, दप्तर तपासणे आणि वेळ पडल्यास निर्बंध घालणे, ही तिची कामे होत. तरीही बँक बुडू शकते. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे कवच मिळाले. फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला, व्याजासह, पाच लाख रुपयांपर्यंत आहे.

मात्र हे कवच सर्वत्र नाही. तिरुवल्लिकेणी-मैलापूर परिसरात 'निधी' नावाच्या संस्थांची जुनी परंपरा आहे. त्या सभासदांकडूनच ठेवी घेतात आणि सभासदांनाच कर्ज देतात. त्यांचे नियमन केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे असते. आपल्याकडील पतसंस्था सहकार खात्याच्या कक्षेत येतात. या दोहोंतील ठेवींना तो विमा लागू नाही. अशा संस्था वाईट असतात, असे मुळीच नव्हे. पण शेजारच्या ओळखीला सरकारी हमी समजू नये. ठेवी बुडवणाऱ्या वित्तीय आस्थापनांची मालमत्ता जप्त करण्यासाठी तमिळनाडूने १९९७ साली आणि महाराष्ट्राने १९९९ साली कायदे केले. त्यांचा आधार मोठा आहे. तथापि जप्ती, लिलाव आणि वाटप यांत वर्षे जातात, आणि निवृत्तांपाशी नेमकी वर्षेच कमी असतात.

म्हणून ठेव ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. या संस्थेवर देखरेख कोणाची? ठेवीला विमा आहे का? तक्रार कोणाच्या दारी न्यायची? बँकेविरुद्धची तक्रार आधी बँकेकडेच लेखी द्यावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. अनधिकृत ठेव योजनांची माहिती 'सचेत' संकेतस्थळावर देता येते. आणि इतरांहून फारच जास्त व्याज कोणी देऊ लागला, तर ते कोठून येते, हा चौथा प्रश्न आपोआप उभा राहतो.

नियामक पहारा देतो, पण घराची कडी आपल्यालाच लावावी लागते. विश्वास अवश्य ठेवावा. मात्र ताळा करून ठेवावा.