व्यापाऱ्याने शब्द पाळला नाही, तर सौदा मोडता येतो का?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर)



दिवाळी सरली की पाड्यापाड्यावर एकच गाऱ्हाणं ऐकू येतं. वरकसावरचं गवत कापून झालं, भारे बांधले, गंजी रचल्या. सौद्याच्या वेळी शेठने थोडी रक्कम हातावर ठेवली, कागदावर अंगठा घेतला आणि "पंधरा दिवसांत ट्रक लावतो" म्हणाला. महिना झाला तरी ट्रक नाही. दुसरा व्यापारी दारात उभा आहे, पण विकायची हिंमत होत नाही. शेठचा माणूस येऊन दम देतो, "अंगठा दिलाय तुम्ही. दुसऱ्याला दिलंत तर कोर्टात खेचू." मग एक अवकाळी सर येते, गवत काळं पडतं, आणि तोच शेठ ते निम्म्या भावात उचलतो.

या धमकीत खरं किती आणि खोटं किती, ते आज आपण बघू.

करार कायदा १८७२ सालचा, इंग्रजांच्या राज्यातला. तो आपल्यासाठी केलेला नव्हता. तरी त्यातसुद्धा करार म्हणजे दोन्ही बाजूंचा शब्द. आपण गवत द्यायचं, त्याने मुदतीत उचलायचं आणि पैसे द्यायचे. अंगठा आपला असला तरी बांधला तोही जातो.

आता सौदा मोडता कधी येतो?

पहिली गोष्ट. शेठने सरळ सांगितलं की "मला गवत नको", किंवा काम पुरं करणं त्याने स्वतःच अशक्य करून ठेवलं, तर कलम ३९ प्रमाणे आपण करार संपवू शकतो. पण त्यानंतरही आपण बोलण्यातून किंवा वागण्यातून "चालू राहू दे" असं दाखवलं, तर तो हक्क जातो.

दुसरी गोष्ट मुदतीची, कलम ५५. मुदत हेच कराराचं मर्म असेल आणि ती चुकली, तर करार रद्द करायचा की नाही हे आपण ठरवायचं. मुदत तशी नसेल तर करार मोडत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. म्हणून कागदावर नुसती तारीख घालून भागत नाही. "या तारखेपर्यंत माल उचलला नाही तर सौदा रद्द" हे वाक्य लिहून घ्या. तसं लिहिलेलं नसेल तर आधी नोटीस देऊन वाजवी मुदत द्यावी, म्हणजे आपली बाजू पक्की होते.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. पैसे देण्याची तारीख चुकली एवढ्यावरून सौदा लगेच मोडत नाही. माल विक्रीच्या १९३० च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. कागदात वेगळं ठरलं असेल तर गोष्ट निराळी. पण त्याच कायद्याचं कलम ५४ आपल्या कामाचं आहे. माल आपल्या ताब्यात आहे, पैसे थकले आहेत, तर "अमुक दिवसांत पैसे देऊन माल न्या, नाहीतर दुसऱ्याला विकू" अशी नोटीस द्यायची. वाजवी वेळेत त्याने पैसे दिले नाहीत तर माल विकता येतो, आणि भाव कमी मिळाला तर तूटही त्याच्याकडून मागता येते. नोटीस न देता विकलं तर ही तूट मागता येत नाही, उलट वर मिळालेला नफा तोच मागू शकतो. एका पोस्टाच्या पावतीवर एवढं सगळं अवलंबून आहे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. करार रद्द केला की त्याच्याकडून घेतलेला फायदा परत करावा लागतो, कलम ६४. आणि योग्य कारणाने रद्द केला तर झालेलं नुकसान भरून मागता येतं, कलम ७५. आधी दिलेली रक्कम उचल होती की विसार, ते कागदावर लिहिलेलं हवं. उचल म्हणजे किमतीतला हप्ता, ती हिशेबात परत धरायची. सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेला वाजवी विसार मात्र मोडणाऱ्याला गमवावा लागतो. शेठ दोन्हींना एकच नाव देतो आणि आपल्याला अडकवतो.

आता उलट बाजूही बोलली पाहिजे. ट्रक दोन दिवस उशिरा आला, चार भाऱ्यांच्या मोजणीवरून वाद झाला, एवढ्यावर सौदा मोडता येत नाही. बाहेर भाव चढला म्हणून मोडला तर शब्द आपणच मोडला असं होईल आणि भरपाई आपल्याला द्यावी लागेल. शिवाय आपला माल तयार होता, द्यायची तयारी होती, हे आपल्याला दाखवता आलं पाहिजे. गवत अजून रानात उभं असेल तर शेठला बोलायला जागा मिळते.

म्हणून करायचं काय?

१. भारे बांधून झाले की पाड्यातल्या पाच जणांनी मोजून, तारीख घालून, सह्या-अंगठ्यांचा कागद करावा.

२. मुदत टळली की गप्प बसू नये. पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवावी, नक्कल जपून ठेवावी. तोंडी निरोपाला साक्षीदार राहत नाही.

३. उशिरा आलेला ट्रक भरून द्यायचा ठरलाच, तर त्याच वेळी लिहून द्यावं की "उशिराची भरपाई आम्ही मागणार आहोत." न सांगता माल दिला तर ती मागणी बुडते.

४. गवत भिजू देऊ नये, झाकावं. टाळता आलं असतं ते नुकसान कोर्ट भरून देत नाही.

आणखी दोन गोष्टी यात मिसळू नका. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर जाऊ शकत नाही, महसूल संहितेचं कलम ३६अ. तिथे शब्द कोणी पाळला हा प्रश्न नंतरचा, आधी व्यवहारच कायद्यात बसतो का ते बघायचं. आणि उचलीपोटी माणूस बांधता येत नाही, १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने ते बंद केलं आहे. उचल घेतली म्हणून घरातल्या पोराला गंजीवर राबायला पाठवू नका.

१९४५ साली डहाणू-उंबरगावकडे आपल्या माणसांनी गवत कापणीच्या मजुरीसाठी संप केला. तेव्हा गवत जमीनदाराचं आणि कोयता आपला होता. आज पुष्कळ ठिकाणी गवतही आपलं आहे. एकटा माणूस नोटीस द्यायला कचरतो, शेठच्या दुकानात त्याची उधारी असते. सगळ्या पाड्याने एकाच दिवशी, एकाच मजकुराची नोटीस दिली तर शेठ कोणाकोणाची उधारी बंद करणार? या हंगामात प्रत्येक पाड्याने आपले कागद गोळा करून पुढच्या बैठकीला आणावेत. ते आपण एकत्र बसून वाचू, आणि ज्याची मुदत टळली असेल त्याची नोटीस तिथेच लिहू.