काचेतल्या बाळाची नळी

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत आम्ही बचत गटाच्या बाया फिरतो. बाळ काचेत ठेवलेलं असेल त्या घरी हमखास ऐकतो, "एवढ्याशा जिवाला बेंबीतून नळी! सही करून घरी आणू या." तसं करू नका.

नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. जन्मानंतर काही दिवस त्या शिरेतून वाट मिळते. डॉक्टर तिथून नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात, एक्स-रे काढून टोक तपासतात. पुढे लागलीच तर हातापायातून शेवईसारखी बारीक नळी घालतात. फार लवकर जन्मलेल्या बाळाला सुरुवातीला पुरेसं दूध पचत नाही. सलाइनमधून दिलेलं दाट पोषण हाताच्या नाजूक शिरेला सोसत नाही, ती सुजते. शिवाय सारख्या सुया टोचाव्या लागत नाहीत.

धोका आहेच. नळीवाटे जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. म्हणून साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. बांगड्या उतरवणं जिवावर येतं, ठाऊक आहे, तरी उतरवाच. अंगारा लावायला काचेत हात घालायचा नाही, हे सासूबाईंनाही सांगा.

दूध पचू लागलं की नळी लवकर निघते. चार थेंब का होईना, पिळून द्या. येतच नसेल तर दुग्धपेढीचं विचारा. आशियातली पहिली आपल्या शीव रुग्णालयातच, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

आणि डॉक्टर फेरीला आले की रोज विचारा: नळी अजून लागणार आहे का?