तिथी पाहून जायचं गाव



भूमध्य समुद्राकाठची निवांत खेडी आपण कॅलेंडरवर आणि सिनेमात पुष्कळ पाहिली आहेत. चुना मारलेल्या भिंती, निळी दारं आणि पाण्याला अगदी खेटून मांडलेली खुर्ची. ती खुर्ची तिथं का टिकते, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. भूमध्य समुद्र अटलांटिकला मिळतो तो जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, आणि ती सर्वांत अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे व्हेनिससारखे अपवाद सोडले, तर बहुतेक किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक फूटभराच्या आसपासच. सकाळी पाणी जिथं, तिथंच संध्याकाळी. मग समुद्राला दारात बसवायला हरकत कसली?

आता आपल्याकडे या. वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसा. जूचंद्र, कामण रोड, मग खारबाव; तिथं उतरा. तालुका भिवंडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गोदामं आणि कंटेनर येणार, आणि ते खोटं नाही. चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्यावर उभं राहून निवांतपणा शोधू नका. रस्ता सोडून दक्षिणेला, वसईच्या खाडीकडे वळा.

इथं पाणी गावाच्या दारात नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर चढते आणि तेच पाणी दिवसातून दोनदा खाडीत शिरतं. म्हणून या पट्ट्यातली जुनी वस्ती मागे, उंचवट्यावर. पुढे भातखाचरं, मग मातीचा बांध, बांधापलीकडे तिवरं, चिखल आणि शेवटी खाडी.

बांधात उघाडी असते, ती नीट बघा. पाणी जायला वाट आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर एक झडप, एवढीच ती. ओहोटी लागली की शेतातलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की खाडीचं पाणीच बाहेरून दाब देऊन ती मिटवतं. राखणदार नको, वीज नको. लक्ष ठेवायचं ते खेकड्यांच्या बिळांवर. बिळातून पाणी झिरपू लागलं आणि उधाणाला बांधाला खांड पडली, की खारं पाणी खाचरात. खार धुवायला मग पावसाचीच वाट पाहायची. अशा जमिनीसाठी कोकणातल्या शेतकऱ्यांनी काळा राता, भुरा राता हे भात जपले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे 'पनवेल' नावाचे वाण काढले. माझ्या मते या किनाऱ्याची खरी वास्तू उघाडी आहे, बुरूज नव्हे.

बुरुजांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 1534 ते 1739 वसई फिरंग्यांकडे होती आणि या खाडीवर त्यांचा पहारा असे. त्यांना उखडायच्या मोहिमेत पुढाकार घेणारे गंगाजी नाईक इथून जवळच्याच अंजूरचे.

जायचं केव्हा? रविवार पाहून जाऊ नका, तिथी पाहून जा. किनाऱ्यावरच्या लोकांचा सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. खाडीत आत यायला पाणी थोडा उशीर करतं, तेवढा धरून चाला. अष्टमीला भांग असतो, पाणी बेताचंच चढतं, पण संध्याकाळी काठ भरलेला दिसतो. पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास उधाण येतं आणि तिन्हीसांजेला ओहोटी. चांदणं पाण्यावर पाहायचं म्हणून हौसेनं जाल, तर चंद्र उगवेल तो चिखलावर!

मला विचाराल तर चिखलही पाहण्यासारखा असतो. निवट्या छातीच्या परांच्या जोरावर सरपटत निघतात. मासे असून चिखलावर फिरतात. एकमेकांना आव्हान देताना पाठीवरचा पर उभारतात आणि पाऊल वाजलं की बिळात गडप होतात. पलीकडच्या काठावर घोडबंदर रस्त्याचे टॉवर आणि मागे येऊरचे डोंगर.

इथं पाण्याकाठी चौपाटी करावी, बाकडी टाकावीत, असं सुचवणारे भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो: निम्मा दिवस पाणी नसणाऱ्या काठावर बसणार कोण? आणि बाकड्यांसाठी तिवरं तोडली, तर बांधावर आदळणारं उधाण अडवणार कोण?

जाणार असाल तर पाणी बरोबर घ्या आणि बांधावरून चालताना त्याची कड मोडू नका. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. परतीची वेळ स्टेशनवर उतरताच पाहून ठेवा.