रुतलेलें कडें



आपल्यापैकीं ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें, त्यांनीं बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितांना लोहाराला पाहिलें असेल. लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवावयाची, प्रसरण पावलेली ती लांकडी चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचें. निवतांना ती आकसे आणि चाकाला अशी मिठी मारी कीं तें वर्षानुवर्षें खिळखिळें होत नसे. आजचा विषय अशाच एका मिठीचा आहे. फक्त ती सोडवावयाची आहे.

माझ्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकांतून घुमल्यासारखा आवाज येऊं लागला. उजवीकडे वळतांना तो वाढे, कारण त्या वेळीं भार डाव्या चाकावर पडतो. बेअरिंग झिजलें होतें, हें उघड झालें. गाडी केवळ जॅकच्या भरंवशावर न सोडतां भक्कम घोड्यावर टेकवून मीं हब ओढून काढलें. बेअरिंगचें एक आंतलें कडें, कारागीर ज्याला 'रेस' म्हणतात तें, हबवरच रुतून राहिलें. त्याच्या मागें पुलरचे पंजे शिरावयासही जागा नव्हती.

तेव्हां मीं अविचार केला. छिन्नी कड्याच्या कांठाला लावून घावावर घाव घातले. कडें तसूभरही हललें नाहीं. पोलादाची एक कपची मात्र उडाली आणि चष्म्याच्या कांचेवर आदळली. चष्मा नसता तर आज ही गोष्ट मीं एका डोळ्यानें सांगितली असती.

असें कां व्हावें? बेअरिंगच्या पोलादांत सुमारें १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतें व त्याला कडक पाणी दिलेलें असतें. तें झिजेला दाद देत नाहीं, पण ठिसूळ असतें. त्याचा कठीणपणा आपला शत्रु. ठिसूळपणा मात्र, युक्तीनें वापरल्यास, मित्र.

प्रथम उष्णतेचा विचार करूं. ४० मिलिमीटर व्यासाचें पोलादी कडें १०० अंश सेल्सिअसनें तापलें तर त्याचा व्यास सुमारें ०.०५ मिलिमीटर वाढतो. एवढ्यानेंही पुष्कळदां मिठी सैल होते. पण कडें भरभर तापलें पाहिजे. सावकाश तापविल्यास आंतलें हबही तितकेंच प्रसरतें आणि श्रम वायां जातात. ॲल्युमिनियमच्या हबांत बाहेरचें कडें अडकलें असेल तर उलट हबच तापवावें, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरतें.

माझें कडें उष्णतेलाही बधलें नाहीं. मग शेवटचा उपाय केला. डोळ्यांवर बंद चष्मा चढविला, तेलकट चिंध्या दूर सारल्या आणि ग्राइंडरच्या पातळ चकतीनें कड्यावर आडवी खांच पाडली. खांच कड्याच्या जाडीच्या सुमारें तीन-चतुर्थांश खोल असावी. त्यापुढें जाण्याचा मोह टाळावा. मग खांचेंत छिन्नी ठेवून एकच नेमका घाव घातला. 'टण्' असा आवाज झाला, कडें तडकलें आणि हातानें ओढतांच निघून आलें!

चकती हबला लागली तर? नुसता ओरखडा असेल तर बारीक पॉलिश पेपरनें तो गुळगुळीत करावा. खोल चर पडली असेल तर हब बदलावें. येथें काटकसर नको. भाराखालीं फिरणाऱ्या भागांत भेग अशाच चरेपासून सुरू होते, आणि चाक निखळण्याची वेळ आपण निवडीत नसतों.

नवें बेअरिंग बसवितांना एक नियम विसरूं नये: जें कडें घट्ट बसवावयाचें, जोर त्याच कड्यावर द्यावा. गाडीच्या सांगाड्याकडील भागांत बेअरिंग दाबतांना जोर बाहेरच्या कड्यावर, आणि त्यांत हब दाबतांना आधार आंतल्या कड्याला. हा जोर गोळ्यांमधून गेला तर कड्यांवर खळगे पडतात आणि नवें बेअरिंगही थोड्याच दिवसांत घुमूं लागतें. शेवटीं मधला नट अंदाजानें न आवळतां गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानेंच आवळावा.

घरच्या कारागिरींत पैसे वांचतात हें खरें. पण त्याहून मोठा लाभ असा कीं, वस्तु कां अडली हें समजून घेण्याआधीं हातोडा उचलूं नये, हें माणूस शिकतो. मीं तें एका फुटक्या कांचेच्या किंमतींत शिकलों. आपणांस तें फुकट मिळावें, एवढ्यासाठींच हें भाषण.