मेंढपाळाचा सोबती आणि वंशांतील खूण

इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील उघड्या डोंगरांवर धुकें आणि पाऊस नित्याचेच. अशा एखाद्या डोंगरावर शेंदोनशें मेंढ्या पांगलेल्या असाव्या, पायथ्याशीं उभ्या असलेल्या मेंढपाळानें शीळ घालावी, आणि काळ्यापांढऱ्या कुत्र्यानें मोठा वळसा घेऊन, न भुंकतां, केवळ नजरेच्या धाकानें सारा कळप धन्यापुढें आणून उभा करावा, हें दृश्य तेथें आजही दिसतें. ह्या कुत्र्याच्या जातीस बॉर्डर कॉली म्हणतात. नॉर्थंबरलंड परगण्यांत ॲडम टेल्फर यांच्याकडे १८९३ सालीं जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा ह्या जातीचा मूळपुरुष मानला जातो. १९०६ सालीं इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली, आणि पुढें ह्या कुत्र्यांच्या वंशावळी रीतसर नोंदल्या जाऊं लागल्या.

पैदास करणारांचा नियम साधा होता : ज्याचें काम उत्तम, त्याची संतति वाढवावी. 'खाण तशी माती' ह्या न्यायानें तो योग्यही होता. परंतु नामांकित नराला शेंकडों पिलें होतात, आणि त्याच्या गुणांबरोबर त्याच्या रक्तांत लपलेला एखादा दोषही त्यांच्यांत पसरतो. कांहीं पिढ्यांनंतर जुळविलेल्या जोडीच्या दोन्ही बाजूंस तोच पूर्वज निघतो, आणि मग तो दोष अकस्मात् प्रकट होतो.

ऑस्ट्रेलियांतील बॉर्डर कॉलींमध्यें आढळलेला मज्जातंतूंचा एक रोग असाच आहे. त्यांत मेंदूच्या पेशींत टाकाऊ द्रव्य सांचत जातें. पिलूं जन्मतां निरोगी दिसतें, चपळाईनें वाढतें, काम शिकूं लागतें. 'मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात' ही म्हण येथें खोटी ठरते. दीड वर्षाच्या सुमारास त्याची चाल अडखळूं लागते, ओळखीच्या वस्तूंचें त्यास भय वाटतें, शिकलेलें विसरतें, दृष्टि जाते. आणि बहुधा तिसरें वर्ष पुरें होण्याच्या आंतच तें दगावतें. ह्या रोगावर उतारा नाहीं. मेंढपाळाची वर्षभराची मेहनत जाते, आणि सोबतीही जातो.

ह्या रोगाची आनुवंशिक रीत मेंडेलनें १८६६ सालीं वाटाण्यांच्या प्रयोगांवरून मांडलेल्या नियमांप्रमाणेंच चालते. सदोष जनुक आई व बाप या दोघांकडूनही आलें तरच रोग होतो. एकाकडूनच आलें तर कुत्रा जन्मभर धडधाकट राहतो. मात्र तो त्या दोषाचा वाहक असतो. दोन वाहकांची जोडी जुळविली, तर सरासरीनें चारांतील एक पिलूं रोगी, दोन वाहक व एक निर्दोष निपजतें. वाहक कोणता, हें डोळ्यांस कसें कळावें ?

येथें आनुवंशिक खुणा उपयोगीं पडतात. परगांवीं घर ठाऊक नसलें, तर आपण 'वडाच्या झाडाजवळचें' असा पत्ता विचारतों. तसेंच, कुत्र्याच्या गुणसूत्रांच्या एकोणचाळीस जोड्यांवर ठिकठिकाणीं ओळखतां येण्याजोगे फरक असतात. त्यांपैकीं कोणता फरक रोगाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, तें पाहिलें म्हणजे सदोष जनुकाचें स्थान हेरतां येतें. ह्याच वाटेनें शोध बाविसाव्या गुणसूत्रापाशीं येऊन ठेपला. २००५ सालीं सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठांतील संशोधकांनीं खुद्द दोषच प्रसिद्ध केला : एका जनुकांत एकच अक्षर बदललेलें, आणि त्यामुळें तयार होणारें प्रथिन अर्ध्यावर तुटलेलें. आतां थोडें रक्त अथवा गालाच्या आंतील भागाचा पुसा घेतला, म्हणजे पिलूं निर्दोष, वाहक कीं रोगी, हें लहानपणींच सांगतां येतें.

परंतु ज्ञान हातीं आलें म्हणजे विवेकाचें काम संपलें, असें नाहीं. समजा, एखाद्याची सर्वांत गुणी कुत्री वाहक ठरली. तिची संतति बंद करावी काय ? प्रथमदर्शनीं तसेंच वाटेल. पण प्रत्येक वाहकास वगळल्यास सुक्याबरोबर ओलेंही जळतें : उत्तम गुण जातात, उरलेल्या थोड्या कुत्र्यांतच संबंध जुळवावे लागतात, आणि दुसरे लपलेले दोष वर येण्यास वाट मिळते. त्यापेक्षां तिला निर्दोष नर द्यावा. त्या जोडीचें एकही पिलूं ह्या रोगानें मरणार नाहीं. त्यांतील सुमारें निम्मीं पूर्ण निर्दोष असतील. परीक्षेनें तीं निवडावीं, आणि त्यांतून जें कामांत सरस ठरेल त्यावर पुढील वंश चालवावा. गुण राखून दोष दूर करण्याची ही रीत थोडी संथ असली तरी शहाणपणाची आहे.

शिवाय ह्या परीक्षेची मर्यादाही ध्यानांत ठेवावयास हवी. ज्या दोषाची खूण ठाऊक नाहीं, त्याविषयीं ती मुकीच राहते. कळपावर रोखलेली ती नजर, शिळेसरशी थबकण्याची ती आज्ञाधारकता, धन्याची हांक पोंचत नाहीं तेथें स्वतःच्या बुद्धीनें वागण्याची ती धमक, हे गुण अनेक जनुकांचे व शिक्षणाचे मिळून बनतात. एका खुणेवरून ते वाचतां येत नाहींत. म्हणूनच वंशावळ नोंदलेली नसली, तरी कामांत कस दाखविणाऱ्या कुत्र्यास त्या संस्थेनें आपल्या नोंदींत प्रवेश ठेवला आहे.

तेव्हां, श्रोतेहो, दोष शोधावा प्रयोगशाळेंत, आणि गुण पारखावा डोंगरावर. मेंढपाळाची शीळ घुमली असतां कुत्रा कसा धांवतो, हें पाहण्यास अजून डोळेच लागतात. तो चौथ्या वर्षींही तसाच धांवेल कीं नाहीं, ह्याची एक मोठी काळजी मात्र त्या खुणेनें दूर केली आहे.