नक्कल कोणाच्या ऐटीची?

(रिद्धपूर येथील व्याख्यानाचा सारांश)



ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले आणि ज्या महानुभाव पंथाने पिढ्यान्‌पिढ्या पोथ्यांच्या नकला करून वाङ्‌मय जतन केले, तेथे नक्कल ही शिवी ठरू नये.

मॉस्कोच्या स्तालिन कारखान्यात १९४५ ते १९५८ या काळात ‘झिस-११०’ ही आलिशान मोटार तयार होई. तिचे दर्शनी रूप अमेरिकन पॅकार्डवरून घेतले होते, हे उघड आहे. पॅकार्डचे साचेच रशियाला विकले गेले, ही कथा मात्र सिद्ध झालेली नाही.

आपल्याकडेही असा वाद झाला. मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी रीतसर परवान्याने केली. तरीही तिच्या ‘रॉक्सर’ या वाहनाविरुद्ध फियाट क्रायस्लरने २०१८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जून २०२० मध्ये निकाल महिंद्रविरुद्ध गेला. रूप बदलल्यावर डिसेंबरात आयोगाने नव्या रॉक्सरला मोकळीक दिली.

रूपाची मालकी अशी कागदावर ठरते. समाजवाद्याने त्यापुढचा प्रश्न विचारावा. जीप निदान खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर आली. झिस सुमारे दोन हजारच निघाल्या, त्याही मुख्यत्वे सत्ताधाऱ्यांसाठी. श्रमिकांच्या राज्याने भांडवलदारांच्या मोटारीचे तोंड घेतले, हा दोष लहान. तिच्यात बसणाऱ्याची ऐटही उचलली, हा मोठा.