संगीत-तंत्रज्ञानाच्या परदेशी शिक्षणासाठी अर्ज

जत्रेच्या रात्री दशावतारातील पेटी, पखवाज आणि झांजेच्या नादात वाढलेल्या सिंधुदुर्गातील ज्या तरुण-तरुणींच्या मनात गणकयंत्राच्या साहाय्याने संगीताचा अभ्यास करण्याची आकांक्षा उत्पन्न झाली असेल, त्यांनी बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाचे नाव अवश्य ध्यानी धरावे. कारण तेथील प्राध्यापक झाविएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ साली आरंभ झालेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचे गणकीय विश्लेषण मोठ्या आस्थेने झाले आहे.

अशा परदेशी विद्यापीठांत अर्ज करताना पदवीचा दाखला, गुणपत्रके, शिफारसपत्रे आणि भाषापरीक्षेचा निकाल हे दस्तऐवज बहुधा सर्वत्र लागतात. काही देशांत त्यांवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ प्रमाणीकरणही मागितले जाते व त्यास अवधी लागतो. म्हणून मुदतीच्या पुष्कळ आधी तजवीज करावी.

मात्र अर्जाचे सत्त्व, माझ्या मते, उमेदवाराच्या स्वतःच्या कामात असते. पखवाजाच्या डाव्या मुखावर कणीक लावल्याने त्याचा नाद कसा पालटतो, किंवा पेटीच्या स्थिर स्वरांपासून गाणाऱ्याची मींड कोठे वेगळी होते, हे स्वच्छ ध्वनिमुद्रणांतून आणि आलेखांतून जो उमेदवार सिद्ध करील, त्याच्या अर्जास आमच्या मातीचे असे वजन येईल, की जे उसन्या नमुन्यांनी कदापि येणार नाही. अशा ध्वनिमुद्रणापूर्वी दशावतारी मंडळीच्या मालकांची व कलावंतांची अनुज्ञा घ्यावी, आणि त्यांची नावे अर्जात आदराने नमूद करावीत.